फेलोशिपसह पीएच.डी.साठी अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ज करू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: फेलोशिपचा पैसा कोणाच्या हातात आहे हे आधी शोधा, मग अर्ज लिहायला बसा. कोणाला पटवायचं आहे, ते त्यावरच ठरतं.

१. फेलोशिप, स्कॉलरशिप, असिस्टंटशिप, ‘पीएच.डी. पोझिशन’ – हे सगळं एकच का?

नाही. पैसा साधारण चार वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेवर निर्णय घेणारा वेगळा असतो.

काही फेलोशिप तुमच्या नावावर मिळतात. भारतातली जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) त्यातली. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ती आधी मिळवायची आणि मग ती घेऊन विद्यापीठात नोंदणी करायची. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली २ वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि मूल्यमापनानंतर, एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) म्हणून, ४२,००० रुपये आहे. जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची आणि जपानच्या शिक्षण मंत्रालयाची (मेक्स्ट) शिष्यवृत्ती याही व्यक्तीला दिल्या जातात. यांच्या निवड समितीत तुमच्या विषयाबाहेरचे लोक असतात.

दुसऱ्या प्रकारात पैसा विद्यापीठाचा असतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हे खूप दिसतं. विभाग आपल्याकडचे चांगले अर्ज पुढे पाठवतो आणि विद्यापीठाची समिती सगळ्या विभागांचे अर्ज एका यादीत लावते. तिथे तुमची स्पर्धा इतिहासवाल्याशीही असते आणि रसायनशास्त्रवाल्याशीही.

तिसरा पैसा मार्गदर्शकाला मिळालेल्या प्रकल्पाचा. जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन इथे पीएच.डी.च्या जागेची नोकरीसारखी जाहिरात येते, करार होतो, पगार मिळतो. नॉर्वेत करार ३ वर्षांचा असतो, शिकवण्यासारखं काम जोडलेलं असेल तर ४ वर्षांचा. निवडीत मार्गदर्शकाचं मत सर्वांत जड असतं.

चौथी वाट अमेरिकेतली. विभाग प्रवेश देतो आणि सोबत टीए (शिकवण्यातला सहायक) किंवा आरए (संशोधनातला सहायक) म्हणून काम देतो. फी माफ होते, कामाचं मानधन मिळतं.

एकच अर्ज थोडा इकडेतिकडे करून चारही ठिकाणी पाठवणाऱ्यांना नकार का येतात, ते यावरून कळेल.

२. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला म्हणजे फेलोशिपही मिळाली, असं धरायचं का?

अजिबात नाही. अनेक विद्यापीठांत प्रवेशाचा आणि निधीचा अर्ज वेगळा असतो आणि निधीची शेवटची तारीख प्रवेशाच्या तारखेच्या कितीतरी आधी येऊन जाते. प्रवेश वर्षभर खुला आहे हे वाचून लोक निवांत राहतात आणि फेलोशिपची तारीख निघून जाते. काही ठिकाणी उलट असतं: प्रवेशाच्याच अर्जात ‘निधीसाठी माझा विचार व्हावा’ अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली नाही, तर तुमचं नाव निधीच्या यादीत जातच नाही.

३. ‘फुल्ली फंडेड’ लिहिलं आहे. त्यात नेमकं काय काय आलं?

हा शब्द प्रत्येक जण आपापल्या अर्थाने वापरतो. ऑफर लेटरमध्ये या गोष्टी लेखी शोधा.

फी पूर्ण माफ आहे की काही भाग? काही स्कॉलरशिप फक्त स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने फी भरतात. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याहून बरीच जास्त असते आणि वरचा फरक तुमच्या डोक्यावर बसतो.

विद्यावेतन १२ महिन्यांचं की ९ महिन्यांचं? अमेरिकेत ९ महिन्यांचे करार सर्रास दिसतात. उन्हाळ्यातल्या ३ महिन्यांचं काय, हे विभागाला विचारलंच पाहिजे.

आरोग्य विमा कोण भरतं? ऑफरमध्ये लिहिलेल्या फीमाफीत इतर अनिवार्य शुल्कं येतात का? क्षेत्रभेटी, रसायनं, परिषदा यांसाठी वेगळी तरतूद आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं: निधी किती वर्षांचा, आणि प्रबंध सरासरी किती वर्षांत होतो? या दोन आकड्यांतलं अंतर तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरावं लागतं (प्रश्न १७ पाहा).

४. तयारी कधी सुरू करावी?

प्रत्यक्ष रुजू व्हायच्या तारखेपासून मागे १२ ते १४ महिने मोजा. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांच्या तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात आणि वर्ग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. ब्रिटनमधल्या मोठ्या स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत मिटतात. मेक्स्टचा दूतावासामार्फतचा अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये येतो. प्रकल्पातल्या जागांना मात्र हंगाम नसतो. जाहिरात आली की ३ ते ६ आठवड्यांत अर्ज द्यावा लागतो, म्हणून सीव्ही, गुणपत्रकं आणि शिफारस देणाऱ्यांची नावं कायम तयार ठेवा.

सर्वाधिक उशीर होतो तो विद्यापीठाकडून अधिकृत गुणपत्रकं आणि त्यांची प्रमाणित भाषांतरं मिळवताना. ते काम सर्वांत आधी सुरू करा.

५. मास्टर्स झालेली असलीच पाहिजे का?

देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. जर्मनीत आणि उत्तर युरोपात साधारणपणे मास्टर्स लागते. ब्रिटनमध्ये चांगल्या श्रेणीची ऑनर्स पदवी नियमात चालत असली, तरी निधीच्या स्पर्धेत समोरचे बहुतेक उमेदवार मास्टर्स झालेले असतात. भारतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार मास्टर्सला ५५ टक्के, किंवा ४ वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

शेवटच्या सत्राचा निकाल बाकी असेल तरी बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो. ऑफर ‘सशर्त’ येते आणि रुजू होण्याआधी निकाल दाखवावा लागतो.

६. माझे टक्के कमी आहेत. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

किमान अट पूर्ण होत नसेल तर नाही. तो अर्ज माणसासमोर जाण्याआधीच छाननीत गळतो. अट पूर्ण होत असेल, तर पैसा कोणाचा ते पाहा. विद्यापीठाच्या सामायिक स्पर्धेत गुणांना थेट अंक दिलेले असतात, तिथे कमी टक्के भरून काढणं अवघड. प्रकल्पाच्या जागेत मार्गदर्शकाला हवं असलेलं तंत्र तुम्हाला येत असेल, तर गुणपत्रक मागे पडतं. वेळ आणि शक्ती तिकडे लावा.

एखाद्या सत्रात आजारपणामुळे गुण घसरले असतील, तर शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांना त्याचा एका वाक्यात उल्लेख करायला सांगा. स्वतःच्या निवेदनात त्यावर परिच्छेद खर्ची घालू नका.

७. मार्गदर्शकांना पहिली मेल कशी लिहावी?

आधी ती लिहायची आहे का ते बघा. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक ठरतो. तिथे आधी ‘हो’ मिळवण्याची गरज नसते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये मात्र मार्गदर्शकाची संमती नसेल तर अर्ज पुढे सरकणं कठीण.

मेल १५० ते २०० शब्दांची पुरे. विषयाच्या ओळीत वर्ष, फेलोशिपचं नाव आणि तुमचा विषय लिहा. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि काय विचारायचं आहे. मग त्यांच्या अलीकडच्या एखाद्या शोधनिबंधातला तुम्हाला भिडलेला नेमका मुद्दा आणि तुमचं काम त्याला कुठे जोडलं जातं, हे तीन-चार वाक्यांत. शेवटी एकच प्रश्न: ‘या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेत आहात का, आणि अमुक फेलोशिपसाठी माझ्या अर्जाला पाठिंबा द्याल का?’ सोबत दोन पानांची सीव्ही आणि एक पानी आराखडा, दोन्ही पीडीएफ. फाइलच्या नावात तुमचं आडनाव असू द्या. ‘फायनल २’ या नावाची फाइल त्यांच्या संगणकावर हरवते.

घात होतो तो ‘तुमचं संशोधन अत्यंत प्रेरणादायी आहे’ या वाक्याने. ते कोणालाही पाठवता येतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. एकाच विभागातल्या पाच जणांना एकच मजकूर पाठवणं त्याहून वाईट. ते शेजारी बसतात आणि एकमेकांशी बोलतात.

८. मेलला उत्तरच येत नाही. आणि आलं, ‘हो’ म्हणाले, तर जागा पक्की का?

दोन आठवडे थांबून त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा. तरीही उत्तर नसेल तर पुढे जा. बहुतेकदा कारण तुम्ही नसता: निधी संपलेला असतो, विद्यार्थी पुरेसे असतात किंवा निवृत्ती जवळ आलेली असते. भारतात प्राध्यापकांना ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. ती भरली की त्यांची इच्छा असूनही उपयोग नाही.

‘हो’चा अर्थ पैशाच्या वाटेवर ठरतो. स्वतःच्या प्रकल्पातून पगार देणाऱ्याचा ‘हो’ जवळजवळ निर्णायक असतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत तोच ‘हो’ म्हणजे ‘तुमचा अर्ज आम्ही पुढे पाठवू’ एवढंच. हा फरक न कळल्याने लोक बाकीचे अर्ज सोडून देतात आणि एप्रिलमध्ये हात रिकामे राहतात.

९. संशोधन आराखड्यात काय असावं? किती लांब?

जाहिरातीत शब्दमर्यादा असेल तर ती काटेकोर पाळा. काही पोर्टल जास्तीचा मजकूर सरळ कापून टाकतात आणि तुमची कार्यपद्धती अर्ध्यात तुटते. मर्यादा दिलेली नसेल तर १,००० ते १,५०० शब्द ठीक.

पहिल्या अर्ध्या पानात संशोधनाचा प्रश्न दिसला पाहिजे. विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘ग्रामीण भागातील पाणीवापर’ हा विषय झाला. ‘ठिबक सिंचनाने वाचलेलं पाणी शेतकरी जमिनीत राहू देतात की जास्तीचं क्षेत्र भिजवायला वापरतात?’ हा प्रश्न. त्याचं उत्तर ‘हे’ किंवा ‘ते’ निघू शकतं, आणि दोन्हींतून काहीतरी नवं कळतं. हीच कसोटी तुमच्या वाक्याला लावा.

मग आधीच्या कामाचा आढावा. ८ ते १५ संदर्भ पुरेत, पण अलीकडच्या ४-५ वर्षांतले त्यात हवेत. ‘या विषयावर काहीच काम झालेलं नाही’ असं लिहू नका. बहुधा झालेलं असतं, आणि नसेल तर का नाही हे समिती विचारते. आधीचं काम कुठे येऊन थांबलं ते दाखवा.

कार्यपद्धती हा सर्वांत जास्त तपासला जाणारा भाग आणि सर्वांत कमी मेहनतीने लिहिलेला. विदा (डेटा) कुठून मिळेल, नमुना किती, कोणतं उपकरण, परवानगी कोणाची, विश्लेषण कशाने, हे सगळं लिहा. दप्तरखान्यातली कागदपत्रं वापरणार असाल, तर ती पाहायला मिळतात याची खात्री करून तसं नोंदवा. रुग्ण किंवा मुलं यांच्यावर अभ्यास असेल, तर नैतिकता समितीच्या मंजुरीला लागणारे महिने वेळापत्रकात धरा. हे महिने धरलेले दिसले की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

वेळापत्रक निधीच्या मुदतीत बसवा. ३ वर्षांच्या निधीसाठी ५ वर्षांचा आराखडा दिला, तर काम कितीही चांगलं असो, तो नाकारला जातो. आणि एक अडचण आधीच मांडा: अमुक विदा मिळाली नाही तर काय कराल?

आराखडा हे वचनपत्र नाही. पुढे विषय वळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला प्रश्न विचारता येतो का, एवढंच समिती त्यातून पाहते.

१०. जाहिरातीत विषय ठरलेला आहे. मग मी काय लिहू?

नवा आराखडा लिहू नका. एक पानी पत्रात जाहिरातीतलं प्रत्येक कौशल्य घ्या आणि ते तुम्ही कुठे, किती काळ वापरलं हे सांगा. ‘पायथन येते’ याला किंमत कमी. ‘४ महिन्यांच्या तापमाननोंदी पायथनमध्ये साफ करून विश्लेषण केलं’ याला आहे. जाहिरातीतलं एखादं कौशल्य नसेल तर ते सरळ लिहा आणि त्याच्या सर्वांत जवळचं काय येतं ते जोडा.

११. शिफारसपत्रं कोणाची घ्यावीत? सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’

पत्र देणाऱ्याने तुमचं काम जवळून पाहिलेलं असावं. प्रकल्प करवून घेणाऱ्या कनिष्ठ प्राध्यापकांचं तपशीलवार पत्र हे नाव न आठवणाऱ्या कुलगुरूंच्या चार ओळींपेक्षा केव्हाही सरस. तीन पत्रं लागत असतील तर किमान दोन संशोधनाबद्दल बोलणारी हवीत.

स्वतः पत्र लिहून देऊ नका. ते प्रामाणिकपणाच्या विरुद्ध आहेच, शिवाय तिन्ही पत्रांची शैली एकसारखी दिसते आणि अर्ज संशयात सापडतो. सरांना त्याऐवजी एक पानी टिपण द्या: तुम्ही त्यांच्याकडे कधी, काय केलं, कुठे अडलात, त्यातून कसे बाहेर आलात, कोणत्या फेलोशिपला अर्ज आहे, तिचे निकष काय, शेवटची तारीख काय. टिपण हातात असलं की पत्र लिहायला त्यांनाही अवघड जात नाही.

मुदतीच्या ५-६ आठवडे आधी विचारा, १० दिवस आधी आठवण करा. बहुतेक पोर्टल पत्रासाठीची लिंक थेट त्यांना पाठवतात आणि संस्थेचा ईमेल पत्ता मागतात. ही लिंक अनेकदा स्पॅममध्ये जाते, तेव्हा ‘लिंक मिळाली का?’ हे त्याच दिवशी विचारा. काही पोर्टल तुम्ही अर्ज सादर केल्यावरच लिंक पाठवतात. शेवटच्या रात्री सादर केलात, तर सरांच्या हातात काही तासच उरतात.

१२. आयईएलटीएस, टोफेल, जीआरई लागतातच का?

आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण २ वर्षं, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेचे ५ वर्षं ग्राह्य धरतात. आधीचं शिक्षण इंग्रजीत झाल्याचं विद्यापीठाचं पत्र काही ठिकाणी चालतं, पण विभागाला चालणारं पत्र फेलोशिप देणाऱ्या संस्थेला चालेलच असं नाही. दोन्हीकडे विचारा. जीआरईची अट अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. ‘ऐच्छिक’ लिहिलं असेल तर चांगले गुण असले तरच पाठवा.

१३. आराखडा लिहिताना एआयची मदत घेतली तर?

संस्थेचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी वापर जाहीर करावा लागतो. नियम काहीही असो, अस्तित्वात नसलेले संदर्भ हा सर्वांत मोठा धोका आहे. परीक्षक दोन-तीन संदर्भ शोधून पाहतात, आणि एक जरी बनावट निघाला तरी अर्ज तिथेच संपतो. शिवाय मुलाखतीत आराखड्यातल्या प्रत्येक वाक्यावर तुम्हालाच बोलायचं असतं.

१४. मुलाखतीत काय विचारतात?

साधारण २० ते ४० मिनिटं. तुमच्या मास्टर्सच्या प्रकल्पाबद्दल खोलात जाऊन विचारतात: हीच पद्धत का, दुसरी का नाही, आता पुन्हा केलं तर काय बदलाल. ‘माहीत नाही, पण असं शोधून काढेन’ हे उत्तर चालतं, थापा चालत नाहीत. विषयाबाहेरची समिती असेल तर तुमचं काम दोन मिनिटांत साध्या भाषेत मांडण्याचा सराव मोठ्याने बोलून करा.

तुम्हीही विचारा: याआधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला किती वेळ लागला? जमल्यास त्या गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्याशी एकटं बोला. मार्गदर्शक कसे आहेत, हे त्या विद्यार्थ्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

१५. एक ऑफर आली आहे, दुसऱ्या ठिकाणचा निकाल बाकी आहे. काय करू?

अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं निधीच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडत नाहीत. आधी दबाव आला तर या ठरावाकडे नम्रपणे बोट दाखवा. इतरत्र असा सामायिक नियम नाही. मुदतवाढ मागा, कारण खरं सांगा, तारीख नेमकी सांगा. मग बाकीच्या ठिकाणी लिहा की अमुक तारखेपर्यंत मला उत्तर द्यायचं आहे. यामुळे निकाल लवकर कळण्याची शक्यता असते.

पुढच्या वर्षावर ढकलणं प्रकल्पातल्या जागेत सहसा जमत नाही, कारण प्रकल्पाची मुदत चालू झालेली असते. ब्रिटनला विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही विषयांसाठी अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाआधी एटीएएस प्रमाणपत्र, म्हणजे संवेदनशील विषयांच्या अभ्यासासाठी तिथल्या सरकारची मंजुरी, लागतं. त्याला लागणारे आठवडे हिशेबात घेऊनच रुजू होण्याची तारीख कळवा.

१६. अर्जासाठी पैसे मागत आहेत. हे खरं असतं का?

अमेरिकेत अर्जशुल्क नेहमीचं आहे आणि परिस्थिती सांगून त्यात माफी मागता येते. अर्ज भरण्याआधी विभागाला मेल करा, कारण शुल्क भरल्यावर ते परत मिळत नाही. पण ‘फेलोशिप मंजूर झाली, रक्कम सोडवण्यासाठी अनामत भरा’ असं कोणतंही विद्यापीठ सांगत नाही. असं पत्र आलं तर पैसे भरू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पत्ता स्वतः शोधून तिथे विचारा.

१७. निधी संपला आणि प्रबंध बाकी राहिला तर?

हे अनेकांच्या वाट्याला येतं, म्हणून आधीच विचारून ठेवा: मुदतवाढ मिळते का, कोणत्या कारणांसाठी, अर्ज किती महिने आधी? प्रसूती आणि आजारपणासाठी निधी थांबवून पुढे नेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण रजा घेण्याआधी ती लेखी मंजूर करून घ्यावी लागते. भारतात पीएच.डी.चा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं असून त्यानंतर २ वर्षांची वाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षं. जेआरएफ-एसआरएफचे पैसे मात्र एकूण ५ वर्षंच मिळतात. नोंदणी जिवंत असणं आणि पैसे चालू असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८. आधीच पीएच.डी.ला नोंदणी झाली आहे. आता नव्या फेलोशिपला अर्ज करता येईल का? दोन एकदम घेता येतील का?

काही फेलोशिप फक्त नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी असतात, काहींत नोंदणीला अमुक महिन्यांहून जास्त झालेले चालत नाहीत. पात्रतेच्या कलमात ‘नोंदणीची तारीख’ हा शब्द शोधा. दोन पूर्ण विद्यावेतनं एकाच काळासाठी घेणं जवळजवळ सर्वत्र निषिद्ध आहे. उघड झालं तर रक्कम वसूल होते. प्रवासखर्चाचं अनुदान किंवा मर्यादित तासांचं शिकवण्याचं काम मात्र पुष्कळदा चालतं, लेखी परवानगी घेऊन. नोकरी चालू ठेवून पूर्णवेळ फेलोशिप घेण्याचा विचार असेल, तर मालकाचं ना-हरकत पत्र आणि रजेचा प्रकार आधी ठरवा.

१९. मेरी क्युरीच्या जागेसाठी मी सगळ्या अटी पूर्ण करतो, तरी अपात्र म्हणतात. का?

बहुधा स्थलांतराच्या अटीमुळे. मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क म्हणजे युरोपीय संघाच्या निधीतून अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून चालवलेला पीएच.डी.चा कार्यक्रम. त्यात रुजू होण्याच्या तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा मुख्य काम केलेलं नसावं. नागरिकत्वाचा इथे संबंध नाही. जर्मनीत नुकतीच २ वर्षांची मास्टर्स केलेला विद्यार्थी जर्मनीतल्या जागेला अपात्र ठरतो, पण त्याच नेटवर्कमधल्या स्पेनच्या जागेला पात्र असू शकतो. पर्यटनासाठी केलेल्या छोट्या भेटी यात मोजत नाहीत. मोजणी रुजू होण्याच्या तारखेपासून होते, अर्जाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे काठावर असाल, तर रुजू होण्याची तारीख एक-दोन महिने पुढे नेता येईल का, हे विचारून पाहा. आधीच डॉक्टरेट झालेली असेल तर मात्र या जागा मिळत नाहीत.

२०. नकार आला. पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा देता येतो का?

बहुतेक ठिकाणी येतो. काही संस्था किती वेळा अर्ज करता येईल यावर मर्यादा घालतात, ती तपासा. अभिप्राय मागायची मेल निकालानंतर आठवडाभरात, तीन ओळींत लिहा. परीक्षकांचे शेरे मिळाले तर छाननी, गुण, आराखडा, मुलाखत यांपैकी कोणत्या टप्प्यावर अर्ज पडला ते पाहा. छाननीत पडला असेल तर आराखडा घासूनपुसून काही होणार नाही, पात्रतेची अट पुन्हा वाचा. मुलाखतीत पडला असेल तर आराखडा चांगला आहे. तो त्याच मार्गदर्शकांकडे न्या आणि प्रकल्पातून किंवा दुसऱ्या निधीतून काही जुळतं का ते विचारा.